अत्तर, परफ्यूम, कोलोन : इंदूरच्या हवेत काय लावावं, किती आणि कसं

इंदूर, महू, देवास, उज्जैनहून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बाटल्यांबद्दलची मतं आमची आहेत आणि ती माळव्याच्या हवेत, अंगावर लावून बनली आहेत. परफ्यूमची बहुतेक वर्णनं युरोपातल्या थंड हवेत लिहिली जातात. मे महिन्यातल्या दुपारी तीच बाटली राजवाड्यासमोर वेगळी वागते, म्हणून उत्तरांत ऋतू सारखा येतो.

१. अत्तर आणि परफ्यूम यांत नेमका फरक काय?

फरक मुख्यतः गंध ज्यात मुरवला आहे त्या द्रवाचा. परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्यं अल्कोहोलमध्ये विरघळवतात, अत्तरात ती तेलात उतरवतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत (मोठ्या हंड्यात) फुलं आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात आणि खाली मंद जाळ लावतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या भांड्यात, जाते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते गंध धरून ठेवतं. नंतर पाणी निथळून काढतात आणि ताजी फुलं घालून हेच दिवसेंदिवस करतात.

लावल्यावर फरक असा कळतो : अल्कोहोल उडताना गंध हवेत पसरवतं, त्यामुळे परफ्यूम लांबूनही जाणवतो. अत्तर अंगालगत राहतं, हळूहळू उलगडतं आणि जवळ येणाऱ्यालाच कळतं. आजच्या स्वस्त अत्तरांत चंदनतेल जवळजवळ नसतंच (प्र. ११ पहा).

२. बाटलीवर कोलोन, ईडीटी, ईडीपी लिहिलेलं असतं. जास्त टक्के म्हणजे जास्त टिकणार ना?

ढोबळमानाने कोलोनमध्ये २ ते ५ टक्के सुगंधी द्रव्य असतं, ईडीटीत (ओ द त्वालेत) ५ ते १५, ईडीपीत (ओ द पार्फ्यूम) १५ ते २० आणि एक्स्ट्रेमध्ये त्याहून जास्त. या आकड्यांना कायद्याचं बंधन नाही, प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. शिवाय टिकणं टक्क्यांपेक्षा घटकांवर ठरतं. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) यांचे रेणू हलके असतात, ते कितीही घातले तरी तासाभरात उडतात. वाळा, चंदन, पॅचुली (एका वनस्पतीच्या पानांचं तेल) आणि कस्तुरीच्या वासाची कृत्रिम द्रव्यं जड असतात, ती थोडी असली तरी संध्याकाळपर्यंत राहतात. एकाच नावाची ईडीटी आणि ईडीपी हे बहुतेक वेळा दोन निराळे गंध असतात, म्हणून दोन्ही हुंगून मगच घ्या.

३. दुकानात आवडलेला परफ्यूम घरी आल्यावर वेगळाच का वाटतो?

कारण दुकानात तुम्ही पहिली दहा मिनिटं हुंगता आणि विकत घेता पुढचे सहा तास. शिवाय मॉलमध्ये एसी असतो, बाहेर नसतो. अशी पद्धत ठेवा :

आधी कागदी पट्टीवर जास्तीत जास्त चार गंध घ्या आणि प्रत्येक पट्टीवर नाव लिहा. अल्कोहोल उडायला अर्धा मिनिट द्या. त्यातले दोनच निवडून एकेका मनगटावर एकेक फवारा मारा. मग काहीही न घेता बाहेर पडा, उन्हात चाला, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी हुंगा. चौथ्या तासाला आवडला तर घ्या. नाक थकलं की काउंटरवरच्या कॉफीच्या बिया हुंगायला देतात. त्यापेक्षा स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगणं बरं, कारण कॉफी हाही एक तीव्र वासच आहे. चाचणीच्या दिवशी सुगंधी साबण आणि बॉडी लोशन टाळा.

४. किती फवारे आणि कुठे?

एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव येतो, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत सुमारे हजार फवारे. ऑफिससाठी ईडीपीचे दोन पुरेत : एक छातीवर सदऱ्याच्या आत, एक मानेच्या मागे. ईडीटीचे तीन-चार, कोलोनचे मोकळ्या हाताने सहा-सातसुद्धा चालतात.

मनगटं एकमेकांवर घासू नका, घर्षणाच्या उबेने वरचा हलका थर लवकर उडतो. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कातडी गंध धरत नाही. म्हणून आंघोळीनंतर कातडी किंचित ओली असताना बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, दोन मिनिटांनी फवारा. बर्गमॉट किंवा लिंबाचं नैसर्गिक तेल असलेला परफ्यूम उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर टाळा, त्यातल्या बर्गॅप्टेनमुळे ऊन लागून काळपट डाग पडू शकतात.

अत्तराचा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवायचा, कानाच्या भोकात नव्हे. मोहरीएवढं अत्तर पुरतं.

५. मे महिन्यात इंदूरला काय लावावं? सगळंच डोक्यात जातं.

गोड आणि जड गंध चाळीस अंशांत फुगतात, म्हणून डोक्यात जातात. उन्हाळ्यासाठी तीन घराणी कामाची आहेत.

पहिलं लिंबू-संत्र्याचं कोलोन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फरिना यांनी जे बनवलं, त्याच वळणाचं '४७११' आजही स्वस्तात मिळतं. वीस-तीस मिनिटं सुंदर, मग संपलं. तो त्याचा दोष नव्हे, ते पुन्हा पुन्हा शिंपडण्यासाठीच असतं. फ्रीजमध्ये ठेवून मानेवर लावा, लू चालू असताना याला तोड नाही.

दुसरं वाळा. कूलरच्या टट्ट्यांमुळे हा गंध आपल्याला लहानपणापासून पाठ असतो. चांगलं रूह-ए-खस (वाळ्याचं शुद्ध तेल) हिरवट, मातकट, किंचित धुरकट असतं, एक थेंब दिवसभर पुरतो. गेर्लां या फ्रेंच कंपनीचा 'व्हेटिव्हेर' त्याच मुळावर लिंबू आणि तंबाखूची छटा चढवतो, नीटनेटका, साबणासारखा स्वच्छ. झां-क्लोद एलेना यांचा 'तेर द एर्मेस' (२००६) संत्रं, मिरी, तापलेला दगड आणि वाळा असा आहे. आमच्या मते माळव्याच्या कोरड्या उन्हाला याहून जुळणारा परदेशी पुरुषी गंध नाही. एकच अट : दोन फवाऱ्यांच्या वर जाऊ नका, घाम आला की त्यातलं संत्रं आंबट होतं.

तिसरं 'पाणीदार' घराणं. 'कूल वॉटर' (१९८८) हा पिएर बुर्दों यांचा. त्यातला डायहायड्रोमिर्सेनॉल हा घटक पुढे इतक्या साबणांत आणि डिओंत गेला की आज तो ओळखीचा साबण वाटतो. 'आक्वा दी जिओ' (१९९६) जास्त नाजूक आहे, पण इंदूरच्या उन्हात दुपारपर्यंत विरून जातो. 'सीके वन' (१९९४) स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, कॉलेजच्या मुलांना पहिली बाटली म्हणून आम्ही हीच सुचवतो.

६. पहिल्या पावसाचा वास बाटलीत खरंच मिळतो का?

मिळतो, आणि तो कनौजच्या मिट्टी अत्तरात. भाजलेल्या मातीच्या वड्या किंवा खापरं डेगेत घालून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवतात. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६४मध्ये या वासावर 'नेचर'मध्ये लिहिलं, तेव्हा त्यांनीही या अत्तराचा उल्लेख केला होता. त्या वासात मातीतल्या जीवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा मोठा वाटा असतो आणि माणसाचं नाक ते अत्यंत कमी प्रमाणातही ओळखतं.

चांगलं मिट्टी अत्तर आधी ओलं मडकं, मग चंदन असं जातं. आधी बीटासारखा तीव्र वास आला आणि खाली चंदन नसलं, तर ते नुसतं कृत्रिम जिओस्मिन तेलात घातलेलं असतं. 'अं जार्दें आप्रे ला मूसाँ' (२००८) हा एर्मेस या फ्रेंच कंपनीचा परफ्यूम केरळच्या पावसावर बेतला आहे. त्यात आलं, वेलची, धणे आणि ओली हिरवळ आहे, तापलेली काळी माती नाही. सुंदर आहे, पण आपला पाऊस त्यात शोधू नका.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कोणताही गंध जास्त पसरतो, म्हणून उन्हाळ्यापेक्षा एक फवारा कमी. न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासावर परफ्यूम मारू नका. दोन्ही मिसळून तिसराच वास तयार होतो.

७. थंडीत काय?

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा दहाच्या खाली उतरतो आणि वर्षभर कपाटात राहिलेल्या जड बाटल्यांना तेव्हाच न्याय मिळतो. हिना अत्तर (मेंदीची फुलं, त्यावर मसाले आणि मुळं) आणि शमामा (अनेक वनस्पती, मसाले, शेवाळ एकत्र उतरवलेलं) ही दोन्ही शालीखाली लावण्याची अत्तरं. शमामा पहिल्या अर्ध्या तासात औषधी काढ्यासारखा वाटतो, तेवढा धीर धरा.

परदेशी बाटल्यांत 'शालिमार' (१९२५) : वर लखलखीत बर्गमॉट, खाली धुरकट व्हॅनिला. शंभर वर्षं झाली तरी थंडीच्या लग्नात रेशमी साडीबरोबर तो शोभतो. 'एंजल' (१९९२) म्हणजे पाकातली साखर आणि पॅचुली. एक फवारा, तोही घराबाहेर पडण्याच्या तासभर आधी. सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी खायला जाणार असाल तर काहीच न लावलेलं उत्तम, तळणीचा आणि तुपाचा वास सगळ्यांवर मात करतो.

८. आईला मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा वास हवा आहे. कुठला परफ्यूम देऊ?

तंतोतंत गजरा कुठल्याच बाटलीत नाही. तोडल्यावरही मोगरा रात्रभर उमलत गंध सोडत राहतो आणि डेगेच्या उष्णतेत त्यातला हिरवा ताजेपणा जातो. मोगऱ्याचं खरं अत्तर म्हणून थोडं चहासारखं, जड वाटतं. फुलात इंडोल नावाचं द्रव्य असतं, जास्त प्रमाणात ते डांबरगोळीकडे झुकतं. परदेशी कंपन्या ते कमी ठेवतात, त्यामुळे त्यांचा 'जास्मिन' आपल्याला धुतल्यासारखा वाटतो.

आईला निशिगंध आवडत असेल तर जर्मेन सेलिए यांचा 'फ्राका' (१९४८) पाहा. तो लोण्यासारखा मऊ आणि भरघोस आहे, लहान खोलीत एकच फवारा बस्स. नाहीतर चंदनावरचं मोगरा अत्तर तीन मिली घ्या. पूर्ण तोळा घेण्याची घाई करू नका.

९. 'सोवाज' आणि 'बाकारा रूज ५४०' सगळेच लावतात. घ्यावेत का?

'सोवाज' (२०१५) बर्गमॉट, मिरी आणि भरपूर अँब्रॉक्सनवर (अंबरसारख्या वासाच्या कृत्रिम द्रव्यावर) उभा आहे. काम चोख : दूरवर जातो, टिकतो, कौतुक होतं. पण लिफ्टमध्ये आधीच दोघांनी लावलेला असतो. ऑफिसला एक फवारा, रात्रीच्या लग्नाला दोन.

फ्रान्सिस कुर्कजियान यांचा 'बाकारा रूज' (२०१५) केशर, जळकी साखर आणि लाकूड असा आहे. उत्तम बांधणी, भारी किंमत. उन्हाळ्यात मात्र तो आम्हाला दवाखान्यातल्या आयोडीनसारखा वाटतो, थंडीत गोड आणि हवेशीर. याची नक्कल करणारी अत्तरं बाजारात जागोजागी आहेत. पहिल्या तासात बऱ्याचशी जुळतात, नंतर नुसती साखर उरते. विकत घेण्याआधी प्र. १० वाचा, कारण या दोन्ही बाटल्यांत तीच अडचण येते.

१०. तासाभरात मलाच वास येत नाही, पण बायको म्हणते खोली भरली आहे. कोण बरोबर?

बायको. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि मेंदू तो बाजूला टाकतो. म्हणून स्वतःला येईनासा झाला की पुन्हा मारू नका, दुसऱ्याला विचारा.

यातही तीन निराळे प्रकार आहेत. मोठ्या रेणूंच्या काही कस्तुरी द्रव्यांचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही. 'हा परफ्यूम म्हणजे नुसतं पाणी' असं एकाला वाटतं आणि शेजारी नाक धरतो, त्याचं हे कारण. व्हायोलेट फुलांतला आयोनोन नाकाला मधूनमधून बधिर करतो, त्यामुळे वास येतो, जातो, पुन्हा येतो. ती बाटलीची खराबी नाही. आणि सगळेच वास अचानक गेले असतील, तर तो परफ्यूमचा प्रश्न नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

११. राजवाड्याजवळ अत्तर घेताना खरं-खोटं कसं ओळखायचं?

घरी दोन चाचण्या होतात. काचेच्या स्वच्छ कुपीत २ मिली ९५ टक्के इथाइल अल्कोहोल घ्या.  त्यात अत्तराचे दोन थेंब टाकून हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. चंदनतेल पूर्ण विरघळतं. दुधाळ झालं किंवा तळाशी थेंब जमले, तर लिक्विड पॅराफिन किंवा खाद्यतेल आहे. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. या चाचणीची मर्यादा अशी की डीओपी (स्वस्त अत्तरांत चंदनतेलाऐवजी घालतात ते रासायनिक द्रव) सुद्धा अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे पास झालेलं प्रत्येक अत्तर चंदनाचंच असेल असं नाही.

दुसरी : टीपकागदावर एक थेंब टाकून तीन दिवस सावलीत ठेवा. रोज हुंगा. चंदनावरचं अत्तर रोज थोडं बदलतं आणि शेवटी मऊ लाकडाचा वास राहतो. बनावट अत्तर पहिल्या दिवशी जोरात असतं, तिसऱ्या दिवशी वास जाऊन नुसता तेलकट डाग उरतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तेवढ्या शुद्ध चंदनतेलाची किंमत आधी विचारा. त्याहून कमी भावात 'चंदनावरचं' अत्तर मिळत असेल तर ते चंदनावरचं नाही. कृत्रिम अत्तर वाईटच असं मात्र आम्ही म्हणत नाही. गंध आवडला आणि भाव त्याप्रमाणे असला, तर खुशाल घ्या.

१२. रूह गुलाब (शुद्ध गुलाबतेल) थंडीत गोठलं, कण दिसतात. भेसळ आहे का?

उलट, हे चांगलं लक्षण आहे. खऱ्या गुलाबतेलात मेणासारखा अंश असतो, तो साधारण वीस अंशांच्या खाली स्फटिक धरतो. बाटली तळहातात पाच मिनिटं धरा, विरघळेल. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नका.

एक किलो गुलाबतेलाला साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात, म्हणून भेसळीचा मोह मोठा. त्यात आपल्या भागाचा जुना संबंध आहे. माळव्याच्या पठाराखाली, निमाडात रोशा गवत उगवतं. त्याच्या मोतिया जातीच्या तेलात जिरॅनिऑल ७५ टक्क्यांहून जास्त असतं आणि वास गुलाबाच्या जवळचा. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबतेलात मिसळलं जाई. रोशाचा वास हिरवट, गवताळ आणि सरळ असतो. गुलाबातला मध आणि मिरीची छटा त्यात नसते. स्वतंत्रपणे लावायला रोशा तेल छान आहे, पण आधी पातळ करून (प्रमाण प्र. १७).

१३. महेश्वरी साडीवर किंवा मोत्यांवर लावलं तर?

लावू नका. महेश्वरीच्या रेशमी धाग्यावर अल्कोहोलने रंग फुटू शकतो, जरीवर काळपट ठिपके येतात आणि अत्तराचा तेलकट डाग घरी निघत नाही, तो ड्रायक्लीनिंगचाच. हिना आणि शमामा रंगानेच तपकिरी, पांढऱ्या झब्ब्याला कायमचा डाग देतात. आधी अंगाला लावा, पाच मिनिटं सुकू द्या, मग साडी आणि सर्वांत शेवटी मोती, कारण अल्कोहोलने मोत्यांची झळाळी मंदावते. सुती कपड्यावर डाग पडलाच तर टाल्कम पावडर अर्धा तास ठेवून झटका, मग भांडी घासायचा लिक्विड साबण चोळून धुवा.

१४. बाटली कुठे ठेवायची? सहा वर्षांची जुनी वापरता येईल का?

अंधार, थंडावा आणि स्थिर तापमान. खोक्यातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. बाथरूम नको, गाडीचा डॅशबोर्ड तर अजिबात नको. उन्हाळ्यात फ्रीज चालतो, फ्रीझर नको. अर्ध्याहून रिकामी बाटली लहान स्प्रेत ओता, आतली हवा गंध बिघडवते.

जुनी बाटली आधी कागदावर मारा. सुरुवातीला व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास आला आणि अर्ध्या तासाने ठीक झाला, तर फक्त वरचे लिंबूवर्गीय घटक गेलेत. कपड्याच्या अस्तरावर वापरा, कातडीवर नको (प्र. १६). तासाभरानंतरही आंबट असेल तर टाका. रंग गडद होणं म्हणजे खराबी असंच नाही. व्हॅनिलिन असलेले परफ्यूम वर्षागणिक तपकिरी होतातच. चंदनावरचं अत्तर मात्र मुरून अधिक गोल होतं.

१५. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतंय, नकली असेल का?

शंका घ्या. भारतात रीतसर आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि एमआरपी असते. खोक्याच्या तळाचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक एकच हवा. स्प्रेची मान घट्ट दाबून बसवलेली असते, ती हाताने फिरत असेल तर बाटली पुन्हा भरलेली आहे. आमचा सल्ला : महागड्या गंधाचं ५ मिली डिकँट (मूळ बाटलीतून लहान कुपीत काढून दिलेला परफ्यूम) विश्वासू माणसाकडून घ्या. पन्नास फवारे होतात, निर्णयाला पुष्कळ झाले.

१६. खाज येते, पुरळ उठतं. काय करावं?

लगेच थांबवा, साध्या साबणाने धुवा. नवी बाटली आधी कोपराच्या आत एक थेंब लावून ४८ तास पाहा. जुन्या, हवा लागलेल्या परफ्यूममधलं लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग होऊन जास्त त्रासदायक बनतात. 'नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक' हे खरं नाही, दालचिनी आणि लवंगेची तेलं कातडी भाजतात. लहान बाळाला काहीही लावू नका. घरात दमेकरी असेल तर फवारणी गॅलरीत करा.

१७. अत्तराचा स्प्रे घरी बनवता येईल का?

प्र. ११ची पहिली चाचणी पास झालेलं अत्तर हवं, पॅराफिनवरचं वेगळं बसतं आणि नळी तुंबते. १० मिलीच्या काचेच्या स्प्रेत १ मिली अत्तर आणि ९ मिली परफ्यूमसाठीचं अल्कोहोल. हलवून तीन आठवडे अंधारात ठेवा. सुरुवातीचा अल्कोहोलचा झणका तेवढ्यात निवळतो. पाणी घालू नका, दुधाळ होतं. रोशासारखं तीव्र तेल असेल तर ०.३ मिलीच पुरे.

१८. गणपतीच्या आरतीआधी लावलं तर चालेल ना?

चालेल, पण निरांजन पेटवण्याआधी आणि दुसऱ्या खोलीत. ओला फवारा पेट घेतो. अंगावरचं दोन-तीन मिनिटांत सुकलं की धोका नाही. देवाला वाहायचं असेल तर अत्तराचा फाया वापरा, मूर्तीवर स्प्रे मारू नका, रंग उडतो.

१९. विमानात आणि कुरिअरने नेता येतं का?

चेक-इन सामानात एक बाटली ५०० मिलीपर्यंत, आणि असे सगळे प्रसाधनाचे द्रव मिळून २ लिटरपर्यंत नेता येतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलीपर्यंतच्याच बाटल्या, पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली १५० मिलीची बाटलीसुद्धा अडवतात, कारण मोजतात ती बाटलीची क्षमता. कुरिअरला अल्कोहोल असलेला परफ्यूम ज्वालाग्राही माल ठरतो, हवाई मार्गाने तो परत येतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायचा असेल तर रस्त्याने जाणारी सेवा मागा आणि पार्सलवर आत काय आहे ते खरं लिहा. अत्तराची कुपी पाठवताना बुचाभोवती टेफ्लॉन टेप दोनदा गुंडाळा. उन्हात तेल प्रसरण पावून झिरपतं आणि शेजारचं सगळं सामान महिनाभर हिन्याने घमघमत राहतं.